तुरीवर मर येते तेव्हा एक झाड वाळतं आणि शेजारचं हिरवंच राहतं, असं का? झाडालाही प्रतिकारशक्ती असते का?

असते, पण आपल्यासारखी अंगभर फिरणारी नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बुरशीच्या मागे धावत जातात. तुरीची पेशी जागची हलत नाही. चोर जिच्या घरात शिरला, तिलाच निस्तरावं लागतं.

मरीची बुरशी, फ्युजारियम उडम, मातीत राहते. जुन्या तुरीच्या फणकटांवर, म्हणजे कापणीनंतर वावरात उरलेल्या बुडख्यांवर, दोन-तीन वर्षं सहज काढते. नव्या तुरीच्या बारीक मुळांतून आत घुसते, पाणी वाहणाऱ्या नळ्या गाठते आणि त्यांतूनच वर चढते. आपल्या लक्षात येतं ते बहुतेक वेळा तूर फुला-शेंगांवर आल्यावर.

बुरशीच्या अंगाची भिंत कायटिनची असते; खेकड्याच्या कवचात असतं तेच. झाडात कायटिन नसतं, म्हणून त्याचा कण लागला की पेशीला परकं कोणी आल्याचं कळतं. मग ती कायटिन तोडणारे एन्झाइम सोडते, बुरशीला मारक रसायनं बनवते आणि नळ्यांत डिंक भरून वाटच बुजवते. घोळ इथंच आहे. हे बुजवणं लवकर, मुळापाशीच झालं तर बुरशी कोंडते. उशीर झाला तर ती पुढे गेलेली असते आणि झाड स्वतःच्याच बुचांमुळं तहानेनं मरतं.

आमचं वावर यवतमाळकडं, पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तुरीची तासं. पहिल्यांदा तुरीनं माना टाकल्या तेव्हा मी पाणी सोडलं. माती ओलीच होती म्हणा, पण सुचतं कुठं! मग दुकानदारानं दिलेलं महागाचं बुरशीनाशक पानांवर मारलं. फुकट गेलं, कारण असली औषधं पानांतून मुळांकडं फारशी उतरतच नाहीत. शेवटी शेजारच्या काकांनी एक झाड उपटून विळ्यानं बुडाशी उभं चिरलं. सालीखाली काळपट रेघा पार वरपर्यंत. जवळचं हिरवं झाडही चिरलं, तर त्यातही रेघ होती, पण बोटभरच. म्हणजे लागण दोघांनाही होती.

बियाणं घरचंच होतं. तुरीच्या फुलांवर मधमाश्या फिरतात, त्यामुळं थोडंफार परपरागीकरण होतं आणि घरच्या बियाण्यात सरमिसळ होत जाते. एकाच तासात एक झाड दमदार, एक लेचंपेचं, ते त्यामुळंही. मर सोसणारे वाण आहेत: १९९३ सालचं आशा, बदनापूरचं बीएसएमआर ७३६. तेही दर काही वर्षांनी नवं आणावं.

आता मी बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळतो, मर आलेल्या तुकड्यात मधे जवारी घेतो आणि उन्हाळ्यात फणकटं वेचून धुऱ्याबाहेर जाळतो. फणकटं वेचायला मजूर मिळत नाहीत, ते दुखणं वेगळं.