परडे आणि खुराडे : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

शिमग्याची राख थंड होते न होते तोच या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. थंडीत विचारणा असते ती कोबी आणि बटाट्याची. चैत्राच्या तोंडावर मात्र काकडीचे वेल आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसणाऱ्या, कोंबड्या एकाच पत्रात येतात, कारण आपल्या भागात बहुतेक घरी दोन्ही एकाच परड्यात, म्हणजे परसात, असतात आणि दोघांनाही नेमकी तीच भुसभुशीत, ओली जागा हवी असते. या वेळची निवडक पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे.

खानापूर तालुक्यातील एक भगिनी लिहितात : स. न. वि. वि. आमच्याकडे आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. माघात काकडी, दोडका आणि भेंडी लावली. रोपे चार पानांवर आली की कोंबड्या आळी उकरून मोकळ्या होतात. सासूबाई म्हणतात, कोंबड्या डालून (डालग्याखाली झाकून) ठेव. आमचे मालक म्हणतात, बागच बंद कर. दोन्ही राखण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, परंतु त्यासाठी जागेपेक्षा काळाची वाटणी करावी लागते. कोंबडी रोपासाठी आळे उकरत नाही. सभोवतालची जमीन उन्हाने दगडासारखी झालेली असताना तुम्ही सकाळी पाणी घातलेले आळे तेवढे मऊ असते आणि गांडुळे, किडे, अळ्या त्याच ओलाव्याला वर आलेल्या असतात, म्हणून ती तेथे जाते. रोप मध्ये येते एवढेच. तेव्हा तिला हाकलत बसण्यापेक्षा तिची ही खोड पेरणीच्या आधी कामाला लावावी. वाफ्याची जागा खणून झाली की आठ-दहा दिवस कोंबड्यांना तेथे मोकळे सोडावे. त्या हुमणीच्या आणि रोपे कुरतडणाऱ्या अळ्या वेचून खातात, तणाचे कोंब टिपतात आणि ढेकळेही काही प्रमाणात फोडतात. हे दिवस संपले की बी टोकावे आणि त्या दिवसापासून वाफा त्यांना पूर्णपणे बंद करावा.

बंद करायचा म्हणजे साडेचार-पाच फूट उंचीची जाळी लावावी, पण तिच्या वरच्या कडेला बांबू किंवा रीप आडवी बांधू नये. कोंबडी कुंपणावरून थेट उडून जात नाही. आधी वरच्या काठावर बसते आणि मग पलीकडे उतरते. वरची कड सैल आणि लवचीक राहिली की बसायला आधार मिळत नाही व ती नाद सोडते. एखादी तलंग (तरुण कोंबडी) तरीही ऐकत नसेल, तर तिच्या एकाच पंखाची लांब पिसे कातरावीत. तोल जाऊन तिला उंच उडता येत नाही. दोन्ही पंख कातरले तर तोल कायम राहतो आणि ती पुन्हा बऱ्यापैकी उडते, ही चूक मी स्वतः एकदा केली होती आणि त्या वर्षीची पहिली काकडी कोंबडीनेच चाखली.

जाळीचा खर्च नको असेल तर प्रत्येक आळ्यात रोपाभोवती तळहाताएवढे चपटे दगड एकमेकांना लागून मांडावेत. दगडाखाली ओल टिकते, पाणी कमी लागते आणि उकरायला माती उघडी राहत नाही. करवंदीच्या काटेरी फांद्या तुमच्याकडे सहज मिळतात, त्याही चालतील. दोडका आणि काकडी एकदा मांडवावर चढली, साधारण दीड महिन्याने, की खाली कोंबड्यांना येऊ द्यायला हरकत नाही. भर दुपारी मांडवाच्या सावलीसारखी दुसरी जागा त्यांना मिळत नाही आणि गळून पडलेली किडकी फुले, फळे त्या संपवतात. लाल माठ, पालक आणि कोथिंबीर यांच्या वाफ्यात मात्र त्यांना कधीच सोडू नये. भेंडी गुडघ्याच्या वर गेल्यावर सायंकाळी, सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी, त्यांना परड्यात मोकळे करावे. तेवढ्या वेळात त्या फार लांब जात नाहीत आणि अंधारू लागले की आपल्या पायांनी खुराड्यात परततात. सासूबाईंना सांगावे की डालायचे आहेच, फक्त दिवसभर नव्हे.

येळ्ळूर येथील एक शेतकरी लिहितात : खुराड्यातील ताजी शिट मिरचीच्या रोपांना घातली. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आमची जमीन काळी, भारी आहे. रोपे वाचतील का?

उत्तर : गाभ्याचा कोंब हिरवा असेल तर वाचतील. घातलेली शिट मातीच्या वरच्या थरासकट खरवडून काढावी आणि पुढचे दोन-तीन दिवस साधे पाणी भरपूर द्यावे. खानापूरच्या लाल जांभ्या मातीत पाणी झरझर खाली उतरते व क्षार धुऊन जातात. तुमच्या भारी जमिनीत ते रेंगाळतात, म्हणून वाफ्याच्या एका टोकाला पाणी बाहेर पडण्यास वाट ठेवावी.

कोंबडीला वेगळे मूत्र नसते. शिटेवर जो पांढरा भाग दिसतो तेच तिचे मूत्र आणि त्याचाच पुढे अमोनिया होतो. शेणखतात नत्राचे प्रमाण साधारण अर्धा टक्का असते, तर वाळलेल्या कोंबडखतात ते दोन-तीन टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून शेणखताच्या सवयीने टोपलीभर ओतणाऱ्याचा हात येथे पोळतो. खुराड्याच्या जमिनीवर भाताचा तूस चार बोटे जाडीचा पसरावा, शिट त्यात मिसळू द्यावी आणि महिन्याकाठी तो तूस काढून सुक्या पालापाचोळ्याबरोबर कमरेएवढा ढीग रचावा. एक पाटी शिटेच्या तुसाला दोन-तीन पाट्या पाला, हे प्रमाण ठीक बसते. मुठीत दाबल्यावर बोटांना ओल लागावी पण पाणी गळू नये, इतपत शिंपडावे. दर दहा-बारा दिवसांनी ढीग उलटावा. दुसऱ्या दिवशी आत हात घातला तर तो चटका देतो, ही चांगली खूण आहे. अडीच-तीन महिन्यांनी वास जाऊन मातीचा गंध येऊ लागला की खत तयार झाले. याचा अर्थ उघड आहे : आज फाल्गुनात रचलेला ढीग मृगाच्या लावणीचा आहे, चैत्राच्या मिरचीचा नव्हे. चैत्रासाठी मागच्या दिवाळीत रचलेले खत हाताशी असावे लागते. काकडी, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना तर ताजी शिट कोणत्याही कारणाने घालू नये. तिच्यातील जंतू थेट ताटात येतात.

बेळगावातील वडगाव भागातून एक वाचक विचारतात : आमच्या चार गिरिराज कोंबड्या वर्षभर चांगली अंडी देतात, सोबत कोंबडाही आहे, पण एकही खुडूक बसत नाही. शेजारच्या आजी आपली खुडूक झालेली गावठी कोंबडी द्यायला तयार आहेत. उन्हाळा तोंडावर असताना अंडी बसवावीत का?

उत्तर : जरूर बसवावीत, आणि लगेच. गिरिराज ही जात बंगळुरातील पशुवैद्यकीय महाविद्यालयात परसातील पालनासाठी तयार झाली. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंड्यांवर थांबते, तर ही त्याच्या जवळपास दुप्पट देते. त्या बदल्यात खुडूक बसण्याची सवय तिच्यात फारशी उरलेली नाही, म्हणून आजींच्या कोंबडीची मदत घेणे हाच जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. मात्र अंडी मोठी आहेत हे लक्षात ठेवून गावठी कोंबडीखाली बारा-तेराऐवजी नऊ-दहाच ठेवावीत. पोटाखाली न मावणारे अंडे आळीपाळीने कडेला जाते आणि शेवटी सगळ्यांचेच नुकसान होते. निघणारी पिल्ले आईबापांच्या तोलाची असतीलच असे नाही, कारण मुळात ही संकरित जात आहे.

खरी अडचण अंडी बसवण्याची नसून त्यांच्या साठवणीची आहे. दुपारी घरात पस्तीस अंशांच्या आसपास उष्मा असताना अंड्यातील गर्भ कोंबडीखाली जाण्याआधीच वाढू लागतो आणि अर्ध्यावर मरतो. म्हणून सात दिवसांपेक्षा जुने अंडे घेऊ नये, धुऊ नये, आणि ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळते टोक खाली करून ते ठेवावे. कोंबडी दिवस मावळल्यावर बसवावी. उजेडात नव्या जागी ठेवलेली कोंबडी बहुधा उठून जुन्या जागेकडे धाव घेते. सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या उजेडावर अंडे धरून पाहावे. आत कोळ्यासारखा लाल तंतूंचा जीव दिसला तर ठेवावे, नितळ दिसले तर काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. चैत्राचे वारे कोरडे असल्याने कोंबडी जिच्यात बसवली त्या बुट्टीखालची (टोपलीखालची) वाळू तेवढी दमट ठेवावी. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतील.

लगेच बसवा असे म्हणण्याचे कारण पावसात आहे. मार्चअखेरीस बसवलेल्या अंड्यांची पिल्ले मृग लागेपर्यंत सात आठवड्यांची होतात, तोवर अंगावर पुरती पिसे आलेली असतात. वैशाखाच्या शेवटी बसवलेली पिल्ले मऊ लवेनिशी आपल्या पावसात सापडतात आणि मग एकामागून एक जातात. मधल्या वळवाच्या सरीसाठी खुराड्याच्या छपराची गळती आताच पाहून घ्यावी. बेळगावचे दिवस तापले तरी रात्री थंडच असतात. आई सोबत असेपर्यंत पिल्लांची चिंता नाही. ती नसेल तर पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश ऊब लागते व पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. तापमापक नसला तर पिल्लेच सांगतात : बल्बखाली घोळका करून ओरडत असतील तर गारठली आहेत, चोची उघड्या टाकून कडेला पळाली असतील तर बल्ब वर घ्यावा.

निपाणीहून एक गृहिणी लिहितात : खुडूक कोंबडीच्या अंगावर उवा झाल्या आहेत. आमच्याकडे घरोघरी तंबाखूचा चुरा असतो. तो खुराड्यात पसरल्यास उवा मरतात असे जाऊबाई सांगतात. खरे का?

उत्तर : उवा मरतात हे खरे आहे, निकोटीनचा वापर पूर्वी त्यासाठी होतही असे. परंतु तेच विष कोंबडीच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जाते, आणि बंद खुराड्यात चोवीस तास बसून राहणाऱ्या कोंबडीला व नुकत्याच निघालेल्या पिल्लांना ते झेपत नाही. दुसरे कारण तुमच्या बागेचे आहे. तंबाखूच्या वाळलेल्या पानात एक विषाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतो, तो टोमॅटो आणि मिरचीला लागतो व पानांवर फिकट-गडद चट्टे पडून झाड खुरटते. खुराड्यातील चुरा खताच्या ढिगात गेला आणि तेथून टोमॅटोच्या आळ्यात आला की हे दुखणे आपण आपल्या हाताने लावलेले असते. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर त्यांनीही साबणाने हात धुतल्याशिवाय रोपे लावू नयेत. (हे वाक्य जाऊबाईंनाही वाचून दाखवावे.)

उवांसाठी चुलीची चाळलेली, पूर्ण निवालेली राख आणि कोरडी माती समभाग घेऊन सावलीत एका पाटीत ठेवावी. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा चारा-पाण्याला उठते, तेव्हा ती त्यात मनसोक्त लोळते. बुट्टीतील गवत बदलून त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि जुने गवत जाळून टाकावे.

उचगाव परिसरातील एक युवक विचारतात : गावची जत्रा जवळ आली आहे. मागील वर्षी जत्रेनंतर पंधरा दिवसांत मानमोडीने सगळ्या कोंबड्या गेल्या. माझी पिल्ले फक्त बारा आहेत. लसीची बाटली शंभर मात्रांची मिळते. काय करावे?

उत्तर : जत्रेसाठी बाजारातून आणलेली कोंबडी दोन दिवस आपल्या कोंबड्यांत बांधून ठेवली जाते, त्याच दोन दिवसांत रोग घरात शिरतो. बाहेरचा पक्षी वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या पाण्यावर आणि शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा. पाळण्यासाठी आणला असेल तर किमान तीन आठवडे. जत्रेतील पिसे व आतडी परड्यात न टाकता खोल पुरावीत.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एकदा लागली की औषध नाही. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा देतात, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस कातडीखाली टोचतात. ही दुसरी लस लहान पिल्लांना देऊ नये. बाटली एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते, म्हणून एकट्याच्या बारा पिल्लांसाठी ती फोडणे परवडत नाही. गल्लीतील आठ-दहा घरांनी एकच सकाळ ठरवावी, बर्फ घातलेल्या थर्मासमधून बाटली आणावी आणि उन्हे चढण्यापूर्वी सर्वांची पिल्ले उरकावीत. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवल्यास तारीख ठरवणे सोपे जाते. आजारी पिल्लाला लस देऊ नये.

चिकोडीहून एका वाचकाचे दोन ओळींचे पत्र : होळीपासून अंड्यांची कवचे पातळ येत आहेत.

उत्तर : उन्हाने कोंबडी धापा टाकते आणि चारा कमी खाते, दोन्हींमुळे कवचाला चुना कमी पडतो. चारा सकाळी नऊच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर घालावा, पाणी सावलीतील मातीच्या पसरट भांड्यात दुपारी एकदा बदलावे, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. घरातील अंड्यांची टरफले घालायची असतील तर तव्यावर भाजून पार बारीक कुटावीत. अर्धे टरफल तसेच टाकले तर कोंबडीला त्याची ओळख पटते आणि ती स्वतःची अंडी फोडून खाऊ लागते.