निवृत्तीनंतर पहाटे तीनला जाग येते, जीव घाबरतो, घरात खटके उडतात. काय करावं?

58 पूर्ण होऊन मे अखेरीस निवृत्त झालात, घर सोलापुरातच, आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झाला, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक काम उरका. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन बीपी, साखर, थायरॉईड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉईड वाढला तरी धडधड होते, झोप उडते, आणि लोक त्याला 'टेन्शन' समजून महिने काढतात. छातीत दडपण, घाम किंवा हातात कळ असेल तर तडक दवाखाना गाठा.

रिपोर्ट नीट आले तर माझा संशय दुपारवर आहे. सोलापूरच्या उन्हात जेवून दीडला आडवा झालेला माणूस चारशिवाय उठत नाही. नोकरीत हे फक्त रविवारी चालायचं, आता रोजच रविवार. दुपारी अडीच तास झोपून रात्री दहाला पाठ टेकली, तर पहाटे तीनपर्यंत साडेसात तास भरतात. शरीराचा कोटा संपला, जाग येणारच. मग अंधारात डोकं पेन्शन, मुलाचं लग्न, गुडघा असं एकेक उकरत बसतं. काळजीने झोप मोडली असं वाटतं, पण बऱ्याचदा झोप आधी संपलेली असते.

वामकुक्षी बंद करू नका, छाटा. एक ते दोनच्या दरम्यान 25 मिनिटं, गजर लावून, तीही आरामखुर्चीत. पलंगावर अंग टाकलं की गजर बंद करायला हात जातोच. तीननंतर चहा नको. रात्री साडेदहाच्या आधी अंथरुणावर जायचं नाही, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी साडेपाचला उठायचं. मध्येच जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास कोंडून धरू नका, बीपी असेल तर मुळीच नाही. पहिला आठवडा वाईट जातो, संध्याकाळी डोळे मिटायला लागतात, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. दोन-तीन आठवडे रेटा.

शेजाऱ्याला मानवली म्हणून झोपेची गोळी घेऊ नका. सवय लागते, आणि या वयात रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडतो.

सकाळचं चालणं सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला करा की हुतात्मा बागेत, पण अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, उन्हाळ्यात सातच्या आत घरी. एकट्याने जाऊ नका. ठरलेल्या वेळी कोणी वाट बघत असलं की चुकवाचुकवी होत नाही.

पैशांची धास्ती मनात ठेवली की फुगते, वहीत उतरली की आटते. पासबुकातून गेल्या तीन महिन्यांचा खर्च काढा: घर, औषधं, बाकी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी 60 नंतर मिळते, पण तुमच्यासारख्या निवृत्तांना 55 नंतरही, निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत चुकवू नका. व्याज दर तीन महिन्यांनी जमा होतं, हे खर्च आखताना धरा. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा, तेही वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.

खटक्यांचं म्हणाल, तर इतकी वर्षं दहा ते सहा घर वहिनींच्या ताब्यात होतं. त्यात तुम्ही येऊन डाळीत मीठ किती, नळ उघडा का, हे विचारायला लागलात की भांडण ठरलेलं. एक काम अख्खं अंगावर घ्या, भाजी म्हणा की पाणी भरणं, आणि बाकीच्यात सूचना करू नका.

हे सगळं करूनही सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, जेवण जाईना, जगण्यात अर्थ वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. नकोसे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.