क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय) लागतं, पण चालत्या गाडीत आपोआप सुटतं. स्पायरल केबल बदलू का?

थांबा दादा, केबलचे पैसे एवढ्यात घालू नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून बिघाड पेडलपाशी असावा असं मला वाटतं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडी २०११ची, डिझेल, मॅन्युअल गिअरची. जालन्याहून समृद्धीने नागपूरकडे जाताना क्रूझ सेट होतं, काही वेळ नीट चालतं आणि पुलाच्या सांध्यावर गाडी आदळली की सुटतं. पुन्हा कधी लागतं, कधी नाही. हॉर्न वाजतो, स्टिअरिंगवरची गाण्यांची बटणं चालतात, एअरबॅगचा दिवा लागलेला नाही. गॅरेजवाला स्पायरल केबल बदला म्हणतो.

मी संभाजीनगरला गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. क्रूझची तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: लागतच नाही, की लागून सुटतं? या दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. स्पायरल केबलचं काम बटणाचा सिग्नल फिरत्या स्टिअरिंगमधून खाली पोहोचवणं. तिची तार तुटली तर तुम्ही दाबलेलं बटण ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळत नाही, म्हणजे क्रूझ लागतच नाही. बहुतेक गाड्यांत एकदा सेट झाल्यावर बटणाचं काम संपतं. शिवाय केबल खराब होत असेल तर तो दोष बहुधा स्टिअरिंग वळवताना दिसतो, सरळ रस्त्यावरच्या हादऱ्याने नाही. केबलमध्ये चार-सहा वेगळ्या तारा असतात आणि त्यातली एकच तुटू शकते, त्यामुळे हॉर्न वाजतो म्हणून केबल शंभर टक्के निर्दोष असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात तिथून करायची नाही.

लागलेलं क्रूझ आपोआप सोडवायचा अधिकार मुख्यतः असतो ब्रेकच्या स्विचला, क्लचच्या स्विचला आणि स्पीडच्या सिग्नलला. यापैकी एकानेही क्षणभर ‘नाही’ म्हटलं की ईसीएम क्रूझ सोडतो. तो तसाच बनवलाय आणि तेच बरोबर आहे.

आता पेडलखाली टॉर्च मारा. क्लच आणि ब्रेकच्या दांडीवर, जिथे स्विचची पिन टेकते, तिथे रबराची किंवा प्लॅस्टिकची छोटी गोटी असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडी दिवसभर तापते आणि दहा-बारा वर्षांत ही गोटी बिस्किटासारखी भुगा होते. मॅटवर तिचे पिवळट-काळे तुकडे सापडले तर निम्मं निदान तिथेच झालं. गोटी पूर्ण पडली की पिन बाहेर येते आणि पेडल कायम दाबलेलं आहे असं गाडीला वाटतं, मग क्रूझ लागतच नाही. ब्रेकची पडली तर मागचे दिवेही जळत राहतात. पण गोटी नुसती झिजली असेल किंवा स्विच थोडा सरकला असेल, तर पिन अगदी काठावर उभी असते. एक हादरा बसला, पेडल किंचित हललं, की संपर्क बदलतो. तुमचं दुखणं मला हेच वाटतंय, आणि त्यातही क्लचचं.

खात्री करायला स्कॅनर (ईसीएममधली माहिती वाचणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटा, म्हणजे स्विचची त्या क्षणाची स्थिती, बघा. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला डोंगल बऱ्याचदा हे स्विच दाखवत नाही; कंपनीचा डेटा वाचणारा स्कॅनर लागतो. चावी ऑन, इंजिन बंद. पेडलला पाय न लावता क्लचची दांडी हाताने हलकी ठोका, स्विचचा कपलर (वायर जोडायचा प्लग) हलवा. स्कॅनरवर ‘ऑफ’चं ‘ऑन’ असं क्षणभर जरी झालं तरी चोर सापडला. हे उभ्या गाडीत करता येतं हा मोठा फायदा, कारण बहुतेक गाड्यांत साधारण चाळीसच्या खाली क्रूझ सेटच होत नाही, त्यामुळे गल्लीत चालवून काही कळत नाही.

ब्रेकच्या स्विचमध्ये बहुधा दोन संपर्क असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो आणि मागचे दिवे लावतो. दुसरा दाबल्यावर तुटतो आणि ईसीएमला खबर देतो. म्हणून ‘ब्रेकलाइट लागतात, म्हणजे स्विच चांगला’ हे अर्धंच खरं. दोन्हींचं एकमेकांशी जमलं नाही तर स्कॅनरवर पी ०५०४ हा बिघाडाचा कोड येतो. पी ०७०४ आला तर क्लच स्विचचं सर्किट बघा, पी ०५०० आला तर स्पीडचा सिग्नल. मागे एलईडी बल्ब घातले असतील तर तेही सांगा. काही जुन्या गाड्यांत क्रूझचं मॉड्यूल ब्रेकच्या साध्या बल्बमधून अर्थिंग शोधतं, एलईडीतून त्याला ते मिळत नाही.

इंजिनचा किंवा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागलेला असेल तर आधी तो विषय मिटवा, कित्येक गाड्या तेवढ्यावरच क्रूझ बंद ठेवतात. गाडी शेतातल्या आखाड्यावर, सोयाबीनच्या थप्पीशेजारी उभी राहत असेल तर चाकामागची वायर उंदराने कुरतडलेली नाही ना हे हात घालून बघा. काळ्या मातीचा चिखल चाकाचा वेग मोजणाऱ्या एबीएस सेन्सरवर वाळून बसतो, तोही धुऊन काढा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कुणी ‘स्विच डायरेक्ट करून देतो (म्हणजे स्विच वगळून वायरी थेट जोडून देतो), क्रूझ लगेच लागेल’ म्हणालं तर गाडी तिथून काढून घ्या. क्रूझ लागेल हे खरं आहे. पण समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, आणि त्या वेगात पुढे काही आडवं आलं तर ब्रेक मारूनही क्रूझ सुटेल याची खात्री नाही, इंजिन गाडी ओढतच राहू शकतं. क्लच डायरेक्ट केला तर क्लच दाबताच इंजिन बोंबलत वर जाईल. एका स्विचचे पैसे वाचवायला हा धोका पत्करायचा नसतो.

आणि शेवटी केबलच निघाली, तर एअरबॅग उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून दहा मिनिटं थांबायला सांगा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला मल्टिमीटर लावू द्यायचा नाही.

स्विच किंवा गोटी बदलल्यावर मोकळ्या रस्त्यावर क्रूझ सेट करून ब्रेकला नुसता पाय टेकवा, सुटलं पाहिजे. पुन्हा सेट करून क्लचला टेकवा, तेव्हाही सुटलं पाहिजे. स्कॅनरवर क्लच आणि ब्रेकच्या ओळी काय दाखवतात ते इथेच लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.