फ्लॅशकार्डं राहू द्या जरा

बाळ सात महिन्यांचंच आहे ना? मग फ्लॅशकार्डं, म्हणजे शिकवायची चित्रांची कार्डं, सध्या बाजूला ठेवा. या वयात त्याला चित्रापेक्षा तुमचा चेहरा जास्त आवडतो. ते 'बाबाबा' करायला लागलं की तोच आवाज परत काढा आणि थांबा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. आळीपाळीने बोलणं ते इथेच शिकतं.

महिन्याभराने त्याच्यासमोर वाटीखाली चमचा लपवून बघा. दिसेनाशी झालेली वस्तू तिथेच असते हे उमगलं की ते वाटी उलटी करेल, मग तुम्हाला तेच पुन्हा पुन्हा करावं लागेल! कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही.

सगळी खेळणी एकदम पसरू नका. तीन-चार बाहेर, बाकीची कपाटात. अधूनमधून अदलाबदल केली की जुनंच नवं वाटतं. पुस्तक चावलं तर चावू द्या, फक्त जाड पुठ्ठ्याचं घ्या. मान फिरवली, डोळे चोळले की मात्र खेळ तिथेच बंद.

स्क्रीनचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांपर्यंत नकोच, पुढेही दिवसाला तासाभराच्या आत.