डिमेन्शिया झालेल्या सासूबाई रक्त काढू देत नाहीत, तपासण्या कशा कराव्यात? (नाशिक)
लॅबमध्ये नेऊ नका, घरी येऊन रक्त घेणाऱ्याला बोलवा. त्याआधी डॉक्टरांना विचारून तपासण्यांची यादी लहान करून घ्या. मी इंदिरानगर-सिडको भागात घरोघर रक्त घ्यायला जाते. बराचसा चिडचिडेपणा उपाशी ठेवल्याने असतो. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) यांना उपाशीपोटी असावं लागत नाही, तेव्हा चहा-नाश्ता झाल्यावर, त्या शांत असतात त्या वेळी बोलवा. आदल्या दिवशी सांगून ठेवू नका. जवळ एकच ओळखीचं माणूस पुरे. चौघांनी दाबून धरलं की पुढच्या वेळी हात पुढे येणारच नाही. नकोच म्हणाल्या, तर उद्या. मात्र एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला किंवा ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठा. म्हातारपणी लघवीच्या संसर्गानेही असं होतं.