‘कसबा पेठ’ ही द्विरुक्ती आहे का?

प्रश्न असा आहे : ‘कसबा’ म्हणजे बाजाराचे गाव आणि ‘पेठ’ म्हणजेही बाजारवस्ती, तर पुण्यातील ‘कसबा पेठ’ या नावात एकच अर्थ दोनदा आलेला नाही का? शिवाय, त्या भागात कसबी कारागीर राहत म्हणून त्याला ‘कसबा’ म्हणतात, हे खरे का?

दुसरा भाग आधी निकालात काढतो. हुन्नर या अर्थाचे ‘कसब’ आणि वस्तीवाचक ‘कसबा’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले असले, तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. पहिल्याच्या मुळाशी मिळवणे, कमावणे हा अर्थ आहे. दुसऱ्यातील ‘क’ आणि ‘स’ ही मुळात निराळी अक्षरे असून देवनागरीत तो भेद पुसला गेल्यामुळे हे शब्द सख्खे भाऊ वाटतात. कसबा पेठेत तांबट आळी आणि कुंभारवाडा असल्यामुळे ही व्युत्पत्ती लोकांना पटते, इतकेच.

जुन्या कागदपत्रांत ‘कसबा’ हा मुख्यतः कारभाराचा शब्द आहे. परगण्याचे किंवा तर्फेचे मुख्य ठिकाण तो कसबा आणि साधे खेडे तो मौजा. निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन्ही गावे आजही आहेत. या नावांतील ‘कसबे’ हे अनेकवचन नव्हे. फारसीतील संबंधदर्शक ‘ए’ (इजाफत) त्याला चिकटलेला आहे. ‘कसबे पुणे’ म्हणजे पुणे हा कसबा, अर्थात आख्खे पुणे. त्या काळी पुण्याचा विस्तारच मुठेकाठच्या या वस्तीपुरता होता. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केले ते हेच गाव, आणि पुढे जिजाबाईंच्या वास्तव्यात लाल महाल उभा राहिला तोही येथेच. कसबा गणपतीला सबंध पुण्याचे ग्रामदैवत मानतात, त्याचा उलगडाही यातच होतो.

‘पेठ’ या शब्दाचा गोतावळा दक्षिणेकडे मोठा आहे. कन्नडमध्ये ‘पेटे’, तेलुगूत ‘पेट’, तमिळमध्ये ‘पेट्टै’ असून बंगळूरचे चिक्कपेटे किंवा हैदराबादचे बेगमपेट ही त्यांतलीच नावे होत. (पैठणचा मात्र याच्याशी संबंध नाही, ते ‘प्रतिष्ठान’वरून आले.) मराठीत पेठ म्हणजे नुसता बाजार नव्हे, तर मुद्दाम वसवलेली व्यापारी वस्ती. पेठ वसवायची म्हणजे व्यापाऱ्यांना व कारागिरांना कौल देऊन, काही वर्षे करांत सूट देऊन बोलवायचे आणि व्यवस्थेसाठी शेटे-महाजन नेमायचे, अशी रीत होती. पेशवाईत कसब्याला लागून शनिवारवाडा (१७३०–३२) उभा राहिल्यावर अशा पेठा झपाट्याने वाढल्या. शहापुऱ्याची सोमवार, मलकापूरची रविवार, विसापूरची शुक्रवार अशी जुन्या पुऱ्यांची नावे वारांवर गेली. सदाशिव, नारायण या पेठांना व्यक्तींची नावे मिळाली.

म्हणून ‘कसबा पेठ’ या नावात पुनरुक्ती मानता येत नाही. चहूकडे पेठा झाल्यावर मूळ गाव हे शहराच्या अनेक भागांपैकी एक भाग उरले आणि इतरांच्या ओळीत बसवण्यासाठी त्याच्यापुढेही ‘पेठ’ लागले. तोवर ‘पेठ’ शब्दातील बाजाराचा अर्थ मागे पडून ‘शहराचा विभाग’ हा अर्थ रूढ होत होता. बाजार हा अर्थ ठसवण्यासाठी आपण ‘बाजारपेठ’ म्हणतो, आणि पुनरुक्तीच शोधायची असेल तर माझ्या मते ती त्या शब्दात शोधावी.

वापराविषयी एवढेच, की जोडनावात ‘कसबा’चे सामान्यरूप होत नाही, म्हणून ‘कसबा पेठेत’ असे लिहावे. ‘पेठ’ गाळल्यास मात्र ‘कसब्यात’ होते आणि जुने पुणेकर तसेच बोलतात.