बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून भीतीने झोप लागत नाही. सोमवारपर्यंत कसं काढू?

ताई, तुम्ही प्रश्न टाकलाय पहाटे पावणेतीनला. ती वेळ बघूनच मी उत्तर लिहायला बसले.

तुम्ही लिहिलंय की वय ४३, उजव्या स्तनातल्या गाठीची बायोप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये इन्व्हेजिव डक्टल कार्सिनोमा (म्हणजे दूधनलिकांत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला स्तनाचा कॅन्सर), ग्रेड ३, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, हर-टू २ प्लस, केआय-६७ ३५ टक्के असं आलंय. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सोमवारची वेळ दिलीय. शेवटी लिहिलंय, ‘मुलांकडे बघवत नाही, ही भीती कशी आवरू?’

मी डॉक्टर नाही, मिरजेजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. २०१८ साली, वयाच्या ४६व्या वर्षी, जवळपास हाच रिपोर्ट माझ्या हातात पडला. लॅबच्या खिडकीतून एका मुलाने पावती बघून पाकीट सरकवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी ते रिक्षा स्टँडजवळ उभ्या उभ्याच फोडलं. ‘ग्रेड ३’ वाचलं आणि डोक्यात आलं, तिसरी स्टेज. चौथी म्हणजे शेवट, मग आपण एक पायरी अलीकडे. चार किलोमीटर चालत घरी आले, रिक्षा करायचं सुचलंच नाही. पुढचे पाच दिवस मी मनातल्या मनात तिसऱ्या स्टेजची पेशंट होते. कुणाला काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंय असंच वाटत नव्हतं.

म्हणून तुम्हाला आधी हेच सांगते, ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्जन मॅडमनी मला ते रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने लिहून समजावलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या तीन गोष्टी बघतात. त्या नळीसारखी रचना अजून करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत आणि विभागणाऱ्या पेशी किती दिसतात. प्रत्येकीला १ ते ३ मार्क. बेरीज ८ किंवा ९ आली की ग्रेड ३. पेपर तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही भाषा मला लगेच कळली. ग्रेडवरून पेशींचा स्वभाव समजतो, त्या भराभर वाढणाऱ्या आहेत का ते. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय. गाठ केवढी, काखेतल्या गाठींत (लसीकाग्रंथींत) काही आहे का, शरीरात दुसरीकडे काही आहे का, यावरून ती ठरते आणि ती बायोप्सीच्या कागदावर नसतेच. माझी गाठ होती २.४ सेंटिमीटर. ग्रेड तिसरी होती, पण स्टेज दुसरी निघाली. भराभर विभागणाऱ्या पेशींवर किमोचा मारा जास्त बसतो, हेही मॅडमनीच सांगितलं. ते ऐकून मी त्या पाच दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

तुमच्या रिपोर्टमधला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्दही असाच फसवतो. आपल्या कानाला तो वाईटच लागतो, कारण इतर तपासण्यांत पॉझिटिव्ह म्हणजे आजार सापडला. इथे ईआर-पीआर पॉझिटिव्ह म्हणजे त्या पेशी वाढायला शरीरातल्या हार्मोन्सचा आधार घेतात, आणि तो आधार तोडणाऱ्या गोळ्या आहेत. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल ही नावं तुमच्या कानावर पडतील. मी आधी टॅमॉक्सिफेन घेतली, आता लेट्रोझोल घेते. सकाळच्या चहाबरोबर एक गोळी.

हर-टू म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं, त्यांच्यावरचं एक प्रथिन. ते २ प्लस याचा अर्थ अजून ठरलेलं नाही. ० किंवा १ प्लस असतं तर निगेटिव्ह, ३ प्लस असतं तर पॉझिटिव्ह. २ प्लस आलं की त्याच तुकड्यावर फिश नावाची, हर-टूचं जनुक वाढलंय का ते बघणारी तपासणी करतात, सहसा पुन्हा सुई टोचावी लागत नाही. म्हणजे ज्या रिपोर्टला तुम्ही घाबरलाय तो अजून पुरा झालेलाच नाही. माझी फिश निगेटिव्ह आली. तुमची पॉझिटिव्ह आली तरी घाबरून जाऊ नका. एके काळी ती फार वाईट बातमी समजली जायची, पण १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. भारतात तयार होणारी त्याची आवृत्तीही दहा वर्षांहून अधिक काळ मिळतेय.

आणि केआय-६७ ३५ टक्के म्हणजे तुमच्या शरीरात ३५ टक्के कॅन्सर आहे असं नाही. हसू नका, माझ्या जाऊबाईंनी माझ्या आकड्याचा तोच अर्थ लावला होता आणि स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडत होत्या. गाठीतल्या दर शंभर कॅन्सर पेशींपैकी किती पेशी विभागणीच्या तयारीत आहेत, एवढंच तो आकडा सांगतो.

हे सगळं मी आधी लिहिलं, कारण माझ्या भीतीतला निम्मा भाग न समजलेल्या शब्दांचा होता. शब्द समजल्यावर तो भाग गेला. उरलेला निम्मा मात्र खरा होता. तुमचाही खराच असेल, आणि ‘काही होत नाही गं, सकारात्मक राहा’ म्हणून तो जात नाही. मला तर त्या वाक्याने आणखी एकटं वाटायचं. समोरचा माणूस चांगल्या मनानेच बोलायचा, पण त्यानंतर त्याच्यापुढे रडायची सोय राहायची नाही.

रात्रीचं सांगते. फोन उशाशी ठेवू नका. मी बाथरूमची कडी लावून, फरशीवर बसून पहाटे तीनला शोधत बसायचे की या ग्रेडची माणसं किती वर्षं जगतात. पाच वर्षांचे आकडे म्हणजे निदान पाच वर्षांपूर्वी निदान झालेल्या बायकांचे, बहुतेकदा त्याहून जुने. त्यात माझी गाठ केवढी, माझं औषध कोणतं, यातलं काहीच नव्हतं. शेवटी धाकट्या बहिणीने फोन काढून घेतला आणि रात्री तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला राहील असं ठरवून टाकलं. त्याच्या जागी तिने एक दोनशे पानी वही आणि पेन ठेवलं. रात्री जे डोक्यात येईल ते वहीत लिहायचं, उत्तर शोधायचं नाही. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात आहे, ‘हात उचलता येईल का? फळ्यावर लिहिता येईल का?’ त्याखाली, ‘केस परत येतात का?’ त्याखाली, ‘मीराच्या दहावीपर्यंत?’ मीरा म्हणजे माझी मुलगी, नाव बदललंय. सकाळी वाचलं की कळायचं, यातले काही प्रश्न डॉक्टरांचे आहेत, काही नवऱ्याशी बोलायचे आहेत, आणि एक-दोन असे आहेत की त्यांचं उत्तर कुणाकडेच नाही. त्या शेवटच्या प्रश्नांसाठी मी संध्याकाळी गच्चीवर जायचे, साडेपाच ते सहा. तिथे मनसोक्त रडायचे. दिवसभरात भीती वर आली की स्वतःला सांगायचे, साडेपाचला. रोज जमलं असं नाही, पण त्यामुळे शाळेतले चार तास मला परत मिळाले.

तरीही झोप लागलीच नाही, छाती धडधडत राहिली, जेवण जाईना, तर डॉक्टरांना ते सांगा. गाठीबद्दल सांगतो तसंच सांगा. मला सुरुवातीचे काही दिवस झोपेची गोळी दिली होती, आणि ती घेतली म्हणून मी कच्ची ठरले नाही. मध्यरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास आणि फुकट. मराठीत बोलता येतं. घरच्यांपुढे जे बोलता येत नाही ते परक्या माणसाशी कधी कधी सहज बोललं जातं.

मुलांबद्दल. आम्ही आठवडाभर लपवलं. त्या आठवड्यात मीरा गप्प झाली, माझ्या पर्समधल्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचायला लागली. मग रविवारी जेवताना मी सरळ सांगितलं, ‘मला स्तनाचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन आहे, मग किमो आहे, माझे केस जातील. हे कुणामुळे झालेलं नाही आणि हात लावल्याने होत नाही.’ तिने भात कालवायचा थांबवला आणि विचारलं, ‘मग डबा कोण देणार?’ मला त्या क्षणी रागच आला. नंतर कळलं, तिला नेमकं तेवढंच विचारता येत होतं. डबा मावशी देईल म्हटल्यावर ती जेवली. मुलांना सगळं सांगायची गरज नसते, पण जे सांगाल ते खरं असू द्या.

आमचे हे तर एक शब्द बोलायचे नाहीत. रोज सकाळी अर्धा अर्धा तास स्कूटर पुसत बसायचे. आधीच स्वच्छ असलेली स्कूटर. मला वाटायचं, यांना काही पडलेलीच नाही. एकदा चहा द्यायला गेले तर हातातलं फडकं तसंच धरून रडत होते. त्यानंतर मी माझी वही त्यांच्याकडे दिली, म्हटलं, ओपीडीत प्रश्न तुम्ही विचारायचे. त्यांना काहीतरी करायला मिळालं आणि मला फक्त ऐकायचं काम उरलं. तुमच्याबरोबर सोमवारी कुणी येणार असेल तर त्याला हेच काम द्या. आपल्या कानात त्या दिवशी निम्मंच शिरतं.

नातेवाईक येतील. बायोप्सीने कॅन्सर पसरला म्हणतील, अमक्याचा काढा सांगतील, मागच्या जन्मीचं काढतील. सुई टोचल्याने तुमचा आजार वाढलेला नाही, मी मॅडमना हे दोनदा विचारून घेतलं होतं. आणि यात तुमची काही चूक नाही. मी महिनाभर हिशोब मांडत बसले होते, मीराला कमी दिवस पाजलं का, चिडचिड फार केली का. त्यातून हाती काही लागलं नाही, झोप तेवढी गेली.

एक प्रसंग मात्र तुम्हाला सांगायचाच आहे. मी टाटा हॉस्पिटलचं दुसरं मत घ्यायचं ठरवलं, तेव्हा लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड आणायला सांगितलं. तुम्हालाही कदाचित आणाव्या लागतील, त्या मागायचा तुम्हाला हक्क आहे. ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत बसवलेलं पांढरट मेण, काडेपेटीपेक्षा लहान. त्यात मोडलेल्या शेवयांसारखे तीन-चार बारीक धागे, म्हणजे सुईने काढलेले माझ्या गाठीचे तुकडे. मी एसटीच्या खिडकीशी बसून तो उन्हात धरला आणि मिरज मागे पडेपर्यंत बघत राहिले. ज्याने माझी झोप, भूक, सगळं खाल्लं होतं ते हे. तळहातावर मावत होतं. भीती गेली नाही, पण त्या दिवसापासून ती घरभर पसरेनाशी झाली.

ऑपरेशननंतर दुसरा, मोठा पॅथॉलॉजी रिपोर्ट येतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. काढलेल्या गाठीच्या कडा साफ आहेत का, काखेतल्या किती गाठी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या, ते त्यात असतं. त्यात ‘१/१५’ असं लिहिलेलं असेल तर ते पंधरापैकी एक असं वाचायचं. कधी कधी त्यात ग्रेडही थोडी बदलते. त्याची वाट बघताना हीच भीती पुन्हा येईल. ती आली म्हणजे आपण मागे गेलो असं समजू नका. मला सात वर्षांनंतरही दर वर्षी मॅमोग्राफीच्या आधी चार दिवस ती येते. मी शाळेत पेपर तपासते, ती शेजारी बसलेली असते.

आता सोमवारचं. मूळ रिपोर्ट, सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या फिल्म, आधीची औषधं, रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत आजच भरून ठेवा. खर्चाची काळजी असेल तर त्या हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे का आणि आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) कुठे बसतो, हे गेल्या गेल्या विचारा, ऑपरेशन आणि किमो त्यात बसतात. डॉक्टरांना विचारा, फिश पाठवलीय का, आधी ऑपरेशन की आधी किमो, आणि का. स्टेज कोणती हे विचारायची हिंमत होत नसेल तर वहीत लिहून वही पुढे करा, मी तसंच केलं होतं.

निघताना पोटभर खाऊन निघा. नंबर यायला दुपार होते. फिशचा रिपोर्ट आला की इथे लिहा, रात्री पावणेतीनला लिहिलंत तरी चालेल.